क्रिएटिनिन समोर दिसतंय, तरी कोड लावायचा नाही : किडनीच्या चार्टचा माझा अनुभव

मी पुण्यात खराडीला मेडिकल कोडर म्हणून काम करते, इनपेशंट कोडिंग, म्हणजे अमेरिकेतल्या हॉस्पिटलमध्ये ॲडमिट होऊन घरी गेलेल्या पेशंटची अख्खी फाईल आमच्या स्क्रीनवर येते आणि त्यातल्या प्रत्येक आजाराला, प्रत्येक प्रोसिजरला आम्ही आयसीडी-१० चे कोड लावतो, त्या कोडवरून त्या ॲडमिशनचं बिल ठरतं. आमच्याकडे नवीन येणाऱ्या मुलामुलींचे सगळ्यात जास्त प्रश्न किडनीच्या चार्टवर असतात. सेप्सिस अवघड, कॅन्सर अवघड असं सगळे ऐकून येतात, आणि किडनी म्हणजे काय दोन-तीन कोड पाठ केले की झालं असं वाटतं. मला स्वतःला हे काम खऱ्या अर्थाने कळलं ते किडनीच्या चार्टमधूनच, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझं शिक्षण बीएस्सी मायक्रोबायोलॉजी, साताऱ्याला. नंतर पुण्यात येऊन कोडिंगचा क्लास, मग सर्टिफिकेशन, मग आउटपेशंटचं काम. आउटपेशंटमध्ये किडनी सोपी जाते खरंच. डॉक्टरने लिहिलं सीकेडी (क्रॉनिक किडनी डिसीज, किडनीचा जुनाट आजार) स्टेज ४, तुम्ही एन १८.४ लावला, सोबत डायबेटिस असेल तर तो, बीपी असेल तर तो, पुढचा चार्ट. इनपेशंटला आल्यावर मात्र एका पेशंटच्या फाईलमध्ये पाच डॉक्टर पाच प्रकारे लिहितात. इमर्जन्सीवाला लिहितो रीनल फेल्युअर, ॲडमिट करणारा लिहितो ॲक्युट ऑन क्रॉनिक, दुसऱ्या दिवशीची नोट म्हणते एकेआय (ॲक्युट किडनी इंजुरी), नेफ्रॉलॉजिस्ट काहीतरी तिसरंच लिहितो आणि डिस्चार्ज समरीमध्ये रीनल इन्सफिशियन्सी. पेशंट एकच, किडन्याही त्याच. आणि या प्रत्येक शब्दाचा कोड वेगळा निघतो. नुसतं रीनल फेल्युअर, ॲक्युट की क्रॉनिक काहीच नाही, तर एन १९. ॲक्युट असेल तर एन १७.९. ॲक्युट रीनल इन्सफिशियन्सी लिहिलं तर कोडबुकाचा इंडेक्स तुम्हाला थेट एन २८.९ ला नेऊन सोडतो, म्हणजे किडनीचा कुठलातरी विकार, ज्याला बिलाच्या दृष्टीने काहीच वजन नाही, आणि आजाराच्या दृष्टीनेही तो कोड काहीच सांगत नाही. डॉक्टरच्या डोक्यात कदाचित दोन्हीचा अर्थ एकच असेल, पण आमच्यासाठी कागदावर जे आहे ते आहे.

आधी दोन्ही आजारांचा पाया सांगते, कारण पाया पक्का नसेल तर पुढचं सगळं घोकंपट्टी होते.

क्रॉनिक म्हणजे तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ टिकलेला बिघाड. स्टेज ईजीएफआरवर, म्हणजे किडनी किती वेगाने रक्त गाळते त्याच्या अंदाजे आकड्यावर ठरते, ९० किंवा वर आणि तरी किडनीला इजा असल्याचा पुरावा असेल तर स्टेज १, ६० ते ८९ स्टेज २, ४५ ते ५९ म्हणजे ३ए, ३० ते ४४ म्हणजे ३बी, १५ ते २९ स्टेज ४, आणि १५ च्या खाली स्टेज ५. आधी स्टेज ३ ला एकच कोड होता, एन १८.३. १ ऑक्टोबर २०२० पासून त्याचे तीन झाले, एन १८.३० म्हणजे ए की बी ते लिहिलेलंच नाही, एन १८.३१ म्हणजे ३ए, एन १८.३२ म्हणजे ३बी. ज्या पेशंटला कायम डायलिसिस लागतं त्याचा एन १८.६, आणि स्टेज ५ आणि एंड स्टेज दोन्ही लिहिलं असेल तर फक्त एन १८.६. हे झालं क्रॉनिक.

ॲक्युट म्हणजे एकेआय, अचानक झालेली इजा. डॉक्टर मंडळी यासाठी केडिगो या किडनीच्या आजारांवरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचे २०१२ चे निकष वापरतात, ४८ तासांत रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी गाळून बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ, ०.३ ने वाढलं, किंवा सात दिवसांच्या आत पेशंटच्या नेहमीच्या पातळीच्या दीडपट झालं, किंवा सहा तास लघवी दर किलोला दर तासाला अर्ध्या मिलिलिटरपेक्षा कमी झाली. यातला पेशंटच्या नेहमीच्या पातळीचा मुद्दा, म्हणजे बेसलाइन, हा सगळ्यात महत्त्वाचा. क्रिएटिनिन २.४ हा आकडा एकट्याने काहीच सांगत नाही. जिचं नेहमी ०.८ असतं तिच्यासाठी तो तिप्पट आहे, आणि ज्याचं गेली दोन वर्षं २.३-२.४ च आहे त्याच्यासाठी तो रोजचा दिवस आहे. म्हणून मी कुठलाही किडनीचा चार्ट उघडला की आधी जुने रिपोर्ट शोधते, मागची ॲडमिशन, क्लिनिकची व्हिजिट, जे मिळेल ते, आणि वहीत सगळी क्रिएटिनिन तारखेप्रमाणे ओळीने लिहून काढते. सॉफ्टवेअर ग्राफ दाखवतं, तरी मी हाताने लिहिते, लिहिताना चढउतार डोक्यात बसतो.

आणि आता तो नियम, ज्यावर नवीन मुलं हमखास वैतागतात. कोडर लॅब बघून आजाराचा कोड लावू शकत नाही. क्रिएटिनिन १ वरून ४ झालं, पेशंटची लघवी थांबली, सगळं समोर दिसतंय, तरी जोपर्यंत डॉक्टरने एकेआय किंवा ॲक्युट रीनल फेल्युअर असं लिहिलं नाही तोपर्यंत एन १७ लागत नाही. ईजीएफआर ३४ दिसतोय म्हणून ३बी लावता येत नाही. कोडिंगच्या गाइडलाइनमध्येच स्पष्ट आहे की कोड प्रोव्हायडरच्या, म्हणजे उपचार करणाऱ्या डॉक्टरच्या, निदानाच्या विधानावर लागतो, निकष पूर्ण झाले की नाही यावर नाही, हे वाक्य १ ऑक्टोबर २०१६ पासून तिथे आहे. सुरुवातीला माझे हात शिवशिवायचे. एवढं ढळढळीत दिसतंय आणि मी लावायचं नाही? हळूहळू पटलं, कारण पेशंटला तपासलंय डॉक्टरने, मी नाही. मी हजारो मैल लांब बसून पीडीएफ वाचतेय. पण याचा अर्थ लॅब बघायचीच नाही असा अजिबात होत नाही, आणि इथेच बरेच जण गफलत करतात, डॉक्टरने लिहिलेलं टाइप करून मोकळे होतात. लॅब बघायची ती प्रश्न विचारण्यासाठी. त्या प्रश्नाला आमच्याकडे क्वेरी म्हणतात.

एक चार्ट सांगते, पेशंट ओळखू येईल असे तपशील बदललेत पण कोडिंगचा गाभा तोच आहे.

सत्तरीच्या पुढची बाई. डायबेटिस टाइप २, ब्लड प्रेशर, आणि क्लिनिकच्या जुन्या नोंदींमध्ये सीकेडी स्टेज ३. गुडघेदुखीसाठी दुकानातून आयबुप्रोफेन आणून रोज घ्यायची. काळी शी होतेय आणि चक्कर येतेय म्हणून इमर्जन्सीत आली, हिमोग्लोबिन ६.९, बीपी ८८/५२. सलाईन, रक्त, संध्याकाळी एंडोस्कोपी, ड्युओडेनममध्ये अल्सर आणि त्यातून रक्तस्राव, तो क्लिप लावून थांबवला. इथपर्यंत चार्ट सरळ आहे. प्रिन्सिपल, म्हणजे ॲडमिशनचं मुख्य निदान, के २६.४, रक्त गेल्यामुळे आलेला ॲनिमिया डॉक्टरने नीट लिहिलाय म्हणून डी ६२, आणि अल्सर आयबुप्रोफेनमुळे असं लिहिलंय म्हणून औषधाच्या दुष्परिणामाचा टी ३९.३१५ए. बीपी एवढं कमी, मग शॉकची क्वेरी बसते का तेही बघितलं. लॅक्टेट नॉर्मल, सलाईन सुरू झाल्यावर बीपी लगेच वर, कुठेही प्रेसर, म्हणजे बीपी वर ठेवणारं औषध, लागलं नाही. इंडिकेटर, म्हणजे क्वेरीला आधार देणाऱ्या चार्टमधल्या खुणा, पुरेसे नव्हते, नाही टाकली.

मग किडनी. माझ्या वहीतली ओळ अशी होती, जुनं क्रिएटिनिन १.६, तेही काही महिन्यांच्या अंतराने दोन वेळा, म्हणजे बेसलाइन पक्की. इमर्जन्सीत २.४. दुसऱ्या दिवशी ३.१, तिसऱ्या दिवशी ३.५, चौथ्या दिवशी ३.६, मग ३.२, घरी जाताना २.६. ॲडमिट करणाऱ्या डॉक्टरने पहिल्या दिवशी लिहिलं होतं, एकेआय ऑन सीकेडी ३, प्रीरीनल, रक्त गेल्यामुळे, फ्लुइड देतोय. पहिल्या दिवशी हे अगदी बरोबर वाटतं. प्रीरीनल म्हणजे किडनीकडे रक्त कमी पोचतंय, किडनी स्वतः अजून धड आहे, रक्ताचा पुरवठा भरून काढला की एक-दोन दिवसांत, फार तर तीन दिवसांत क्रिएटिनिन खाली यायला लागतं. पण हिचं आलं नाही. रक्तस्राव थांबला, बीपी सुधारलं, दोन बाटल्या रक्त चढलं, तरी तीन दिवस आकडा चढतच गेला. तिथे मी थांबले आणि नेफ्रॉलॉजीची कन्सल्ट नोट उघडली.

ती नोट मला अजून आठवते कारण फार व्यवस्थित लिहिलेली होती. तिसऱ्या दिवसाची. लघवी मायक्रोस्कोपखाली स्वतः बघितली, मडी ब्राउन ग्रॅन्युलर कास्ट आहेत, म्हणजे किडनीतल्या नळ्यांच्या मेलेल्या पेशींचे गढूळ तपकिरी साचे. फ्रॅक्शनल एक्स्क्रीशन ऑफ सोडियम ३ टक्के. प्रीरीनलमध्ये हा आकडा साधारण १ च्या खाली असतो कारण किडनी जिवाच्या आकांताने सोडियम धरून ठेवते, नळ्या खराब झाल्या की धरता येत नाही आणि तो २ च्या वर जातो. डाययुरेटिक, म्हणजे लघवी वाढवणारं औषध, चालू असेल तर या आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही, पण या बाईला डाययुरेटिक नव्हतं, औषधांची यादी मी तपासली. शेवटी लिहिलं होतं, कन्सिस्टंट विथ एटीएन, म्हणजे ॲक्युट ट्युब्युलर नेक्रोसिस. आणि डिस्चार्ज समरीमध्ये? एकेआय ऑन सीकेडी ३, प्रीरीनल, सुधारतंय. पहिल्या दिवसाचं वाक्य शेवटच्या दिवसापर्यंत जसंच्या तसं कॉपी होत आलं होतं.

आता यात काय पणाला लागलं होतं ते सांगते. एकेआयचा एन १७.९ हा सीसी आहे, म्हणजे पेमेंट वाढवू शकणारी गुंतागुंत. एटीएनचा एन १७.० हा एमसीसी, म्हणजे मोठी गुंतागुंत. या बाईला डी ६२ मुळे सीसी आधीच मिळालेला होता, म्हणजे डीआरजी (ज्यावरून पेमेंट ठरतं तो गट) ३७८, रक्तस्राव विथ सीसी. एन १७.० आला तर ३७७, विथ एमसीसी, पेमेंट बरंच जास्त. म्हणून असा चार्ट दोन्ही बाजूंनी धोक्याचा असतो. क्वेरी न टाकता प्रीरीनल धरून सोडला तर हॉस्पिटलचं नुकसान, आणि त्याहून जास्त म्हणजे त्या बाईच्या रेकॉर्डवर कायमचं खोटं जातं, की तिच्या किडनीला थोडंसं पाणी कमी पडलं होतं आणि बाकी काही झालं नाही. आणि नेफ्रॉलॉजिस्टने लिहिलंय ना म्हणून थेट एन १७.० लावला तर तेही चूक, कारण कन्सल्टंट आणि अटेंडिंग (पेशंटचा मुख्य डॉक्टर) यांच्यात विरोध असेल तर अटेंडिंगला विचारायचं हा नियम आहे. कन्सिस्टंट विथ सारखी संशयाची भाषा इनपेशंटला चालते हे खरं, संशय असला तरी आजार आहे असं धरून कोड लागतो, पण ती भाषा डिस्चार्जच्या वेळच्या डॉक्युमेंटेशनमध्ये असायला लागते. तिसऱ्या दिवशी एकदाच लिहून पुढे कुठेच नाही, तर ती पकडता येत नाही.

क्वेरी लिहिणं ही वेगळीच कला आहे आणि मला ते काम मनापासून आवडतं. डॉक्टरला अमुक लिहा असं सुचवायचं नाही. पैशाचा, डीआरजीचा एका अक्षराने उल्लेख करायचा नाही. चार्टमध्ये जे आहे ते तारखेसकट मांडायचं आणि पर्याय द्यायचे, ज्यातला प्रत्येक पर्याय त्या पेशंटला खरोखर लागू होऊ शकेल असा हवा, शिवाय 'इतर' आणि 'सांगता येत नाही' हे दोन हवेतच. मी लिहिलं ते साधारण असं होतं, अमुक तारखेच्या नेफ्रॉलॉजी नोटमध्ये कन्सिस्टंट विथ एटीएन आहे, डिस्चार्ज समरीमध्ये प्रीरीनल एकेआय आहे, क्रिएटिनिन असं असं, लघवीत हे दिसलं, सोडियमचा आकडा हा, उपचार हे दिले, कृपया या ॲडमिशनमधल्या किडनीच्या इजेचं स्वरूप आणि ते ॲडमिट होतेवेळी होतं का ते आपल्या क्लिनिकल निर्णयाप्रमाणे स्पष्ट करावं. पर्याय, एटीएन मुळे एकेआय, नळ्यांना इजा नसलेली प्रीरीनल एकेआय, इतर, सांगता येत नाही. आणि खाली दुसरा प्रश्न, सीकेडी स्टेज ३ लिहिलंय, जुना ईजीएफआर ३४, त्याआधीचाही तसाच, ३ए, ३बी की आणखी काही ते नमूद करावं.

या दुसऱ्या प्रश्नावर आमच्या टीममध्ये वाद झाला होता. एकीचं म्हणणं, ३० लावा की ३२ लावा, डीआरजीला काही फरक पडत नाही, सीसी स्टेज ४ पासून सुरू होतो, मग डॉक्टरला कशाला त्रास? मला ते पटत नाही, आजही नाही. ३ए आणि ३बी मध्ये पेशंटच्या पुढच्या आयुष्याच्या दृष्टीने बराच फरक आहे, औषधांचे डोस बदलतात, कॉन्ट्रास्ट देताना विचार करावा लागतो. कोड फक्त बिलासाठी आहे असं धरलं तर आपण नुसते बिल लिहिणारे. तोच डेटा पुढे रिसर्चला जातो, पुढच्या ॲडमिशनला डॉक्टरच्या प्रॉब्लेम लिस्टवर जाऊन बसतो. आणि एका क्वेरीत जाता जाता विचारता येत असेल तर विचारायचं.

चार्ट होल्डवर गेला. आमच्याकडे प्रत्येक चार्टला टॅट, म्हणजे काम संपवायची ठरलेली मुदत, असतो, होल्डवरचे चार्ट वाढले की लीड विचारायला येतो, हॉस्पिटलच्या बाजूला बिल न झालेल्या अकाउंटचा आकडा वाढतो आणि तिकडून ईमेल येतात. त्यामुळे क्वेरी टाळून चार्ट फायनल करायचा मोह सगळ्यांना होतो. इथे आमचा लीड चांगला निघाला, इंडिकेटर बघून म्हणाला, "राहू दे होल्डवर, मी बोलतो क्लायंटशी." उत्तर आलं तेव्हा पुण्यात मध्यरात्र होऊन गेली असावी, मी सकाळी उघडलं. डॉक्टरने समरीला ॲडेंडम जोडला होता, रक्तस्रावामुळे कमी रक्तपुरवठा होऊन एटीएन, ॲडमिशनच्या वेळी होतं, आणि सीकेडी ३बी. तर एन १७.०, पीओए वाय (म्हणजे ॲडमिट होतेवेळीच होतं), डीआरजी ३७७.

आता या बाईचे बाकीचे कोड. डायबेटिस आणि सीकेडी दोन्ही आहेत, डॉक्टरने कुठेही डायबेटिसमुळे किडनी खराब असं लिहिलेलं नाही. तरी ई ११.२२ लागतो, कारण गाइडलाइन हा संबंध गृहीत धरते, डॉक्टरने स्पष्ट नाही म्हटलं तरच सुटतो. ब्लड प्रेशरचंही तेच, आय १२.९. नव्या लोकांना वाटतं दोन्हीपैकी एक लावायचा. दोन्ही लागतात, आणि एन १८.३२ त्यांच्या मागे, कारण एन १८ च्या खाली सूचनाच आहे की डायबेटिसचा आणि बीपीचा कोड आधी. स्टेज ५ किंवा एंड स्टेज असती तर आय १२.९ ऐवजी आय १२.०. हार्ट फेल्युअर पण असतं तर आय १२ सोडून आय १३ कडे जायचं, आणि हार्ट फेल्युअरचा आय ५० चा कोड वेगळा लावायचा. एन १७ मात्र या साखळीत येत नाही. ॲक्युट इजा बीपीमुळे झाली असं कुठेही गृहीत धरत नाहीत, ती वेगळी उभी राहते. एन १७ आणि एन १८ एकत्र लागतात, एकाने दुसरा खोडला जात नाही, हे मला कितीतरी जणांना सांगावं लागलंय.

डायलिसिसचा पण एक मुद्दा सांगून टाकते. एकेआयमध्ये कधी कधी तात्पुरतं डायलिसिस लागतं, आठवडाभर वगैरे, मग किडनी सावरते. अशा पेशंटला झेड ९९.२ लावायचा नाही, तो कोड कायम डायलिसिसवर असलेल्यांसाठी आहे. केलेल्या डायलिसिसचा प्रोसिजर कोड लागतो आणि तोही दिवसाला किती तास चाललं त्यावर बदलतो, सहा तासांच्या आत असेल तर ५ए१डी७०झेड, अठरा तासांच्या वर सलग चाललं तर ५ए१डी९०झेड, मधलं ५ए१डी८०झेड. यासाठी नर्सच्या फ्लोशीटमध्ये सुरू-बंदच्या वेळा शोधाव्या लागतात. आयसीयूच्या मोठ्या फाईलमध्ये त्या शोधणं कंटाळवाणं असतं, पण दुसरा मार्ग नाही.

वरच्या चार्टमुळे असं वाटेल की आम्ही कायम बिल वाढवायच्या मागे असतो. तर उलट्या बाजूचा एक चार्ट. तरुण मुलगी, उलट्या-जुलाबांनी ॲडमिट. डॉक्टरने पहिल्याच नोटमध्ये एकेआय लिहिलं आणि तेच समरीपर्यंत गेलं. क्रिएटिनिन आल्यावर १.१, दुसऱ्या दिवशी ०.९, जुनं पण ०.९. लघवी व्यवस्थित. ०.२ चा फरक, कुठल्याही निकषात बसत नाही. आता नियमाप्रमाणे डॉक्टरने लिहिलंय, एन १७.९ लागतो, सीसी मिळतो, माझी ॲक्युरसी पण शाबूत राहते, ऑडिटर काही बोलू शकत नाही. पण कोड लागणं आणि आजार खरंच होता का हे तपासणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, दुसरीला क्लिनिकल व्हॅलिडेशन म्हणतात आणि तो निर्णय माझा नाही, मात्र शंका आली तर चार्ट पुढे पाठवणं माझं काम आहे. मी तो सीडीआयच्या, म्हणजे डॉक्टरांचं डॉक्युमेंटेशन तपासणाऱ्या, टीमकडे पाठवला, त्यांनी डॉक्टरला विचारलं, डॉक्टरने उत्तर दिलं की एकेआय नाही, डिहायड्रेशन. एन १७.९ निघाला, ई ८६.० राहिला, पेमेंट कमी झालं. त्या दिवशीही मला तेवढंच बरं वाटलं. तिशीच्या आतल्या मुलीच्या रेकॉर्डवर किडनी फेल्युअरचा शिक्का विनाकारण बसला असता, उद्या विमा काढताना कुणीतरी तिला विचारलं असतं.

या कामाचा घरीही परिणाम झालाय. कराडला माझे मामा आहेत, त्यांच्या डिस्चार्ज कार्डवर नुसतं नोन केस ऑफ सीकेडी लिहिलेलं. स्टेज नाही, जुना आकडा नाही. मी मामीला म्हटलं, "घरातले सगळे जुने रिपोर्ट काढा." प्लास्टिकच्या पिशवीत चार वर्षांचे कागद निघाले, मी एका पानावर तारीख आणि क्रिएटिनिन अशी यादी करून दिली. पुढच्या वेळी डॉक्टरांनी ते पान फाईलला लावून घेतलं. आपल्याकडे महात्मा फुले योजनेत डायलिसिसचं पॅकेज आहे, उपचाराला मदत मिळते, पण त्याच्या आधीच्या वर्षांत, स्टेज ३ ला असताना, कागद नीट असतील तर खूप गोष्टी लांबवता येतात असं मला वाटतं. ज्यांच्या घरी डायबेटिस किंवा बीपी आहे त्यांनी ही यादी कराच. आणि गुडघ्यासाठी मनाने पेनकिलर घेणं बंद करा, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. वरच्या बाईचं सगळं त्या गोळ्यांपासूनच सुरू झालं होतं.

त्या बाईच्या चार्टचं पुढे काय झालं ते राहिलं. बऱ्याच महिन्यांनी विमा कंपनीने एटीएन नाकारलं. कारण दिलं की क्रिएटिनिन डिस्चार्जच्या आधी कमी व्हायला लागलं होतं म्हणून ही साधी प्रीरीनल इजा, एन १७.० काढा, ३७७ चं ३७८ करा. हे कारण वाचून मला खरंच राग आला, कारण एटीएनमधूनही किडनी सावरते, सावरली म्हणजे ते एटीएन नव्हतंच असं होत नाही. हॉस्पिटलने अपील करायचं ठरवलं आणि आमच्याकडे मुद्दे मागितले. मी वही काढली. रक्तस्राव थांबल्याची वेळ, बीपी स्थिर झाल्याची वेळ, त्यानंतर ७२ तासांहून जास्त न उतरलेलं क्रिएटिनिन, कास्ट, सोडियमचा आकडा, डाययुरेटिक नसल्याची नोंद, क्वेरी आणि तिला डॉक्टरने दिलेलं उत्तर, सगळं पान नंबरसकट लिहून दिलं. त्यांच्या फिजिशियन ॲडव्हायझरने, म्हणजे अशा बाबतीत हॉस्पिटलला सल्ला देणाऱ्या डॉक्टरने, त्यावर पत्र तयार केलं आणि अपील मंजूर झालं. डॉक्टरने क्वेरीला उत्तर दिलं होतं म्हणूनच हे शक्य झालं. उत्तर आलंच नाही तर काय करायचं असं नवीन मुलं विचारतात. प्रत्येक हॉस्पिटलची एस्कलेशन पॉलिसी असते, ठरलेल्या मुदतीनंतर क्वेरी फिजिशियन ॲडव्हायझरकडे जाते, आणि तिथूनही काही आलं नाही तर डॉक्युमेंटेशन जिथपर्यंत नेतं तिथपर्यंतच कोड लावायचा, म्हणजे इथे एन १७.९ आणि एन १८.३०, आणि क्वेरी अनुत्तरित राहिल्याची नोंद अकाउंटवर ठेवायची.